घावण्याची जाळी आणि रंगाचा सोलर सेल

रत्नागिरीजवळ मिऱ्या, काळबादेवीच्या पुळणीवर ओहोटीला चालत गेलात की वाळूत काळ्या रेघा दिसतात, ती घाण नाही, त्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम एकत्र असलेलं खनिज. लहानपणी आम्ही जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून तिथं ओढत न्यायचो, त्याला मिशा फुटल्यासारखी वाळू चिकटायची (ते बहुतेक मॅग्नेटाइट, इल्मेनाइट चुंबकाला फारसं जुमानत नाही, हे खूप उशिरा कळलं). १७९१ मध्ये इंग्लंडात कॉर्नवॉलच्या विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याला अशाच काळ्या वाळूत नवीन धातूचा पत्ता लागला, चार वर्षांनी क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं त्याचं बारसं केलं, टायटॅनियम.

त्याचं डायऑक्साइड म्हणजे तीच पांढरी पूड, घराच्या रंगात असते ती. सोलर सेलच्या कामाला यायला तिला वेळ लागला कारण ती पांढरी आहे! दिसणारा उजेड ती पकडतच नाही, फक्त अल्ट्राव्हायोलेट घेते. मग तिला रंग चढवायचा, रंगाचा रेणू उजेड घेणार आणि इलेक्ट्रॉन पुडीच्या हवाली करणार, आणि रेणूचं जे गेलं ते आयोडीनचं द्रावण भरून देणार. ही युक्ती मूळची फोटोग्राफीवाल्यांची, १८७३ मध्ये फोगेलनं फोटोच्या प्लेटवर रंग वापरून दाखवला होता. १९६० च्या दशकात गेरिशर आणि ट्रिब्युच यांनी झिंक ऑक्साइडवर तो नीट अभ्यासला, पण वीज निघायची नावाला.

अडचण साधी होती. पुडीला चिकटलेला रंगाचा पहिला थरच कामाचा, त्यावर जाड रंग चोपडून उपयोग नाही, आणि सपाट पृष्ठावर तो एक थर १ टक्काही उजेड पकडत नाही. म्हणजे पृष्ठच वाढवायला हवं, तेवढ्याच जागेत.

इथं मला आईचं घावणं आठवतं. पीठ घट्ट झालं की घावणं भाकरीसारखं बसतं, पातळ पीठ चांगल्या तापलेल्या बिडाच्या तव्यावर पडलं की वाफ वाट काढते आणि जाळी पडते, मग रस किती पितं बघा! ओसाकात त्सुबोमुरांनी १९७६ मध्ये झिंक ऑक्साइडची पूड भाजून सच्छिद्र करून हेच केलं. पण खरी जाळी पडली १९९१ मध्ये, स्वित्झर्लंडात लोझानला ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांच्या हातून, काही नॅनोमीटरचे टायटॅनियम डायऑक्साइडचे कण, १० मायक्रोमीटरचा थर, आणि पडलेल्या उजेडाच्या ७ टक्क्यांच्या वर वीज. ढगाळ, पसरलेल्या उजेडात तर १२ टक्के सांगितले होते, आमच्या आषाढाला हे जरा जास्तच आवडलं.

पेस्ट करायची रीत अजूनही घरगुती वाटते. पूड खलात घोटायची, त्यात इथाइल सेल्युलोजसारखं काहीतरी चिकट घालायचं, काचेच्या कडांना सेलोटेप लावून रॉडनं ओढायचं आणि ४५० अंशाला अर्धा तास भाजायचं. चिकट भाग जळतो तेव्हा थर आधी तपकिरी पडतो, मग पुन्हा पांढरा होतो, त्याची रिकामी जागा आणि कणांमधल्या फटी हीच भोकं. मी कॉलेजात पहिल्यांदा हावरटासारखा थर जाड ओढला, भट्टीतून काढला तर ऊन्हात वाळलेल्या चिखलासारखा तडकून पापुद्रे सुटलेले.

१९९२ मध्ये मोबिल कंपनीच्या लोकांनी सिलिकात साबणासारख्या रेणूंच्या साच्यावर एकसारखी भोकं पाडली, मग तेच टायटॅनियम डायऑक्साइडवर करायचा सपाटा सुरू झाला, १९९५ मध्ये अँटोनेली आणि यिंग, १९९८ मध्ये स्टकींच्या ग्रुपनं पॉलिमरच्या साच्यावर. फोटो बघून जीव हरखतो, एकदम मधमाशीचं पोळं. पण भाजताना अॅनाटेजचे (टायटॅनियम डायऑक्साइडचंच एक रूप) स्फटिक वाढतात आणि पोळ्याच्या भिंती फोडतात, म्हणून मला तरी ओबडधोबड पेस्टच जास्त विश्वासाची वाटते. जाळी नीट पडलेली काच रातांब्याच्या सालीच्या पाण्यात थोडा वेळ ठेवली की जांभळी होऊन येते, पाण्यानं धुतली तरी रंग सुटत नाही.