पाणी कुठून येतंय, ते आधी बघू

सोसायटीत राहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे फोन येतो तोवर निदान बहुतेक वेळा झालेलंच असतं. "वरच्यांचं बाथरूम गळतंय, कोटेशन द्या." वरच्यांना ते मान्य नसतं, सेक्रेटरींनी "तुमचं तुम्ही मिटवा" म्हणून हात झटकलेले असतात आणि तेवढ्यात छतावरचा डाग ताटाएवढा होतो. आम्ही गळती काढतो, वॉटरप्रूफिंग करतो. भांडण मिटवणं आमच्या कामात बसत नाही. पण पाणी कुणाचं हे एकदा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठरलं की खर्च कुणाचा, या वादातली निम्मी हवा निघून जाते, हे अनेकदा पाहिलं आहे.

डाग जिथे दिसतो तिथेच वर गळती असेल, असं धरून चालू नका. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी सळईच्या कडेने, वायरिंगच्या पाइपातून, कोब्याच्या (स्लॅबवरच्या विटा-सिमेंटच्या भरावाच्या) पोकळीतून सरकत जातं आणि सापडेल तिथे उतरतं. हॉलमध्ये पंख्याच्या हुकातून ठिबकणारं पाणी पलीकडच्या मोरीचं निघालेलं आम्ही पाहिलं आहे. म्हणून डागापेक्षा पाण्याच्या वेळा बघा. चार-आठ दिवस कॅलेंडरवर टिपून ठेवल्यात तर आमचं अर्धं काम होतं.

कुणी नळ सोडो न सोडो, दिवसरात्र सारखं ठिबकत असेल तर बहुधा दाबाची लाइन फुटलेली असते. जुन्या इमारतींत भिंतीत गाडलेले जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजत जातात. वरच्या घराचा मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवायचा. सकाळपर्यंत ठिबक मंदावली तर शोध तिथेच संपतो. सकाळच्या आंघोळी-धुण्यानंतर वाढणारी, दुपारी ओसरणारी आणि वरची मंडळी गावी गेली की सुकणारी ओल ही सांडपाण्याची. नहाणी ट्रॅपचा (मोरीच्या जाळीखालच्या भांड्याचा) जोड, कमोडचा सांधा, टाइल्समधलं झिजलेलं सिमेंट ही तिची नेहमीची घरं. फक्त पावसात येत असेल तर गच्ची, बाहेरच्या भिंतीची भेग किंवा खिडकी. खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्या असतील तर आधी त्या उचलून बघा. रोज तुळशीला घातलेलं पाणी भिंतीत मुरत असतं आणि नाव पावसाचं होतं. पाऊस गेल्यावरही दिवाळीपर्यंत छत ओलंच राहिलं, तर गच्चीवरच्या विटांच्या कोब्यात साठलेलं पाणी सावकाश खाली येत आहे, असं समजा.

एवढ्यावर उलगडा झाला नाही, तर आम्ही वरच्या बाथरूमची जाळी बुजवून लादीवर बोटभर रंगीत पाणी २४ तास उभं ठेवतो. रंग खाली उतरला तर लादी किंवा ट्रॅप गळतोय. नाही उतरला तर जाळी उघडून पाणी सोडतो आणि पुढचा पाइप तपासतो. ही परीक्षा दोन्ही घरांतलं एकेक माणूस आणि कमिटीचा एक सभासद हजर असताना व्हावी, फोटो काढावेत, असा आमचा आग्रह असतो. त्यामागे आमची एक चूक आहे. सुरुवातीच्या काळात खालच्यांच्या सांगण्यावरून आम्ही वरच्या बाथरूमची आख्खी लादी उखडली. नवी बसवली. महिन्याभरात ओल परत आली. पाणी डक्टमधल्या (पाइप जातात त्या उभ्या पोकळीतल्या) सामायिक सांडपाण्याच्या पाइपाच्या जोडातून येत होतं. वरच्यांच्या टाइल्स आम्ही आमच्या खर्चाने भरून दिल्या, तरी ती दोन घरं नंतर बराच काळ एकमेकांशी बोलत नव्हती.

खर्च कुणाचा

महाराष्ट्रातल्या बहुतेक सहकारी गृहनिर्माण संस्थांनी शासनाचे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम, स्वीकारलेले आहेत. तुमच्या सोसायटीने कोणते स्वीकारले, ती प्रत सेक्रेटरींकडून मागून घ्या. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे. त्यात सोसायटीने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादीच दिलेली असते. गच्ची आणि तिचे कठडे, बाहेरच्या भिंती, जिने, पाण्याच्या टाक्या, सामायिक पाण्याचे व ड्रेनेजचे पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती ही सगळी सोसायटीची. गच्चीतून पाणी येऊन शेवटच्या मजल्यावरच्या घराचं छत आणि गिलावा खराब झाला, तर तेही दुरुस्त करून देणं सोसायटीकडेच येतं. "गळतंय तुमच्याकडे, तर तुम्ही वर्गणी काढा" असं शेवटच्या मजल्यावरच्यांना सांगितलेलं आम्ही कितीतरी सोसायट्यांत ऐकलं आहे. गच्ची सगळ्यांची, तशी तिची दुरुस्तीही सगळ्यांची.

घराच्या आतलं बाथरूम, संडास, सिंक यांची गळती मात्र ज्याची त्याने काढायची. म्हणजे ट्रॅप वरच्यांचा असेल तर खर्चही वरच्यांचा. खालच्यांच्या छताचा रंग आणि गिलावा कोण करून देणार, हे काम सुरू होण्याआधी दोन ओळींत लिहून घ्या. निम्मी भांडणं त्या रंगावरून होतात.

वरचे दारच उघडत नसतील, तर सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करण्याचा अधिकार उपविधींनी कमिटीला दिलेला आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकणं म्हणजे तक्रार नव्हे. शंभर अंगठे येतात आणि कमिटीच्या सभेपुढे काहीच जात नाही. एवढं करूनही हललं नाही तर दुरुस्ती आणि गळतीचे वाद सहकार न्यायालयात नेता येतात. ती वाट लांबची आहे. रागाने मेंटेनन्स मात्र थांबवू नका. थकबाकीवर सोसायटी व्याज लावू शकते आणि तक्रार करणाराच थकबाकीदार ठरतो.

इमारत नवी असेल तर आम्हाला बोलावण्याआधी बिल्डरला पत्र लिहा. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत मोफत दुरुस्त करून द्यायचा असतो. आम्ही आधी हात लावला की "तुमच्या माणसाने बिघडवलं" म्हणायला त्याला जागा मिळते.

गच्चीचं काम काढायचं असेल तर

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. तेव्हा सगळ्यांच्या छतांना ताजी ओल असते, त्यामुळे ठरावही जोरात होतो. मग थंडी येते, ओल सुकते आणि विषय मागे पडतो. मे संपत आला की आमचा फोन वाजू लागतो. मृगाच्या तोंडावर गच्ची उखडणं हा जुगार आहे, आम्ही तो घेत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत विशेष सभा बोलावून मंजुरी घ्या, काम मार्च-एप्रिलमध्ये करा. जुना कोबा काढणं, भेगा भरणं, नवा थर, त्याला पाणी मारणं आणि शेवटी ४८ तास गच्चीत पाणी उभं करून बघणं, याला वेळ लागतो.

पैशांचं म्हणाल तर दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीची पुंजी) किमान ०.२५ टक्के जमवायचा, असं उपविधी सांगतात. वर्षानुवर्षं तो जमवलेला नसला की एकदम मोठी वर्गणी येते.

छताचे पोपडे पडणं वेगळं आणि काँक्रीट सुटून गंजलेल्या सळ्या दिसणं वेगळं. सळ्या दिसत असतील तर आम्ही वर प्लास्टर थापून देणार नाही, कितीही आग्रह झाला तरी. आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. शेवटचा अहवाल असेल तर काढून ठेवा, आम्ही तो वाचूनच दर देतो.

घरातल्या कामाचं थोडं. फोडाफोडीची परवानगी सोसायटीकडून तुम्हीच घ्यायची. कामाच्या वेळा, लिफ्ट वापरायची की नाही, डेब्रिजच्या गोणी कुठे ठेवायच्या हे आधी विचारून ठेवा. वॉचमनने गोण्या अडवल्या की आमचा आणि तुमचा, दोघांचा दिवस जातो. जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवून द्या असं कुणी सांगितलं तर गळणाऱ्या बाथरूममध्ये तसं करू नका. खालचा सांधा तसाच राहतो, फक्त तो दिसेनासा होतो.

गॅरंटी आम्ही केलेल्या कामाची लेखी देतो, पूर्ण इमारतीची नाही. आणि आम्ही बघायला येईपर्यंत छताला रंग मारू नका. डागच पुसला तर आम्हाला वाचायला काही उरत नाही.