फाइल सिस्टीमची तपासणी व दुरुस्ती

फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कवर फाइली कुठे, कशा ठेवल्या याची व्यवस्था; तिच्या डिस्कवरच्या नोंदी एकमेकींशी ताडून त्यांतली विसंगती मिटवणारी प्रक्रिया. लिनक्समध्ये हे काम एफएससीके करते, विंडोजमध्ये चेकडिस्क. गटवार सातबारा आणि खातेदारवार आठ-अ यांचा मेळ घालावा, तसाच हा प्रकार. मेळ बसला म्हणून जमिनीची प्रत कळत नाही, तसा फाइलीतला मजकूर शाबूत आहे की नाही हेही यातून कळत नाही.

फाइल वाढली की डेटा, आयनोड (फाइलीची माहिती आणि तिचे ब्लॉक, म्हणजे डिस्कचे ठरावीक मापाचे तुकडे, यांची नोंद) आणि बिटमॅप (कोणते ब्लॉक वापरात, कोणते मोकळे याचा तक्ता) अशा निरनिराळ्या जागी लिहावे लागते. मधेच लाइट गेली तर एक नोंद होते, दुसरी राहते. मराठवाड्यातल्या खेड्यांत, बॅटरी बसलेल्या यूपीएसवर चालणाऱ्या संगणकांचे हे नेहमीचे दुखणे. लिनक्समध्ये २००१ साली आलेल्या ईएक्सटी३ या फाइल सिस्टीमने त्यावर जर्नल दिले : बदल आधी तिथे टिपायचा, मग जागेवर न्यायचा. लाइट आल्यावर अर्धवट कामे जर्नलवरून काही सेकंदांत पुरी होतात. डिस्कच खराब असेल तर मात्र जर्नल पुरत नाही, पूर्ण तपासणी करावी लागते.

ईएक्सटी३ ची पुढची आवृत्ती असलेल्या ईएक्सटी४ ची तपासणी पाच फेऱ्यांत होते. सर्वांत जास्त वेळ सहसा पहिलीच खाते. तीत प्रत्येक आयनोड वाचून तो कोणते ब्लॉक आपले म्हणतो हे पाहिले जाते आणि मेमरीत नवा बिटमॅप तयार होतो. एकाच ब्लॉकवर दोघांचा दावा निघाला तर त्या ब्लॉकची वेगळी प्रत करून वाद मिटवतात. दुसरी फेरी डिरेक्टरीतल्या नावांची. तिसरीत प्रत्येक डिरेक्टरी वर वर जात मुळापर्यंत, म्हणजे आयनोड २ पर्यंत, पोचते का हे पाहतात. न पोचणारी 'लॉस्ट+फाउंड'मध्ये जाते. चौथीत लिंकची (फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या नावांची) संख्या जुळवतात, आणि कुठल्याच डिरेक्टरीत नाव नसलेल्या फाइलीही तिथेच ठेवतात. नाव आयनोडमध्ये नसतेच, ते डिरेक्टरीत असते; म्हणून या फाइलींना '#' आणि आयनोड क्रमांक एवढीच ओळख उरते. पाचवीत मेमरीतला बिटमॅप डिस्कवरच्याशी ताडतात.

सुपरब्लॉकच (फाइल सिस्टीमची मुख्य माहिती असलेला ब्लॉक) वाचता येत नसेल तर त्याची प्रत वापरावी. ४ केबीच्या ब्लॉकला पहिली प्रत सहसा ३२७६८ व्या ब्लॉकवर असते, १ केबीला ८१९३ व्या. तपासणीला '-बी' लावून तो क्रमांक द्यायचा.

माउंट असलेल्या, म्हणजे वापरासाठी जोडलेल्या, विभागावर (पार्टिशनवर) दुरुस्ती कधीही चालवू नये : कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) मेमरीतल्या जुन्या नोंदी पुन्हा डिस्कवर लिहितो आणि होते तेही बिघडते. आधी '-एन' लावून नुसते पाहावे. डिस्क खरखरत असेल, वाचताना अडत असेल, तर प्रथम डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या साधनाने तिची प्रत काढावी आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करावी. मरत्या डिस्कवर '-वाय' (प्रत्येक प्रश्नाला आपोआप 'हो') म्हणजे न वाचता दिलेला अंगठा. तपासणी संपल्यावर मिळणारा निकालाचा आकडा १ आला तर चुका दुरुस्त झाल्या, ४ आला तर काही तशाच राहिल्या.

एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमची रीत निराळी. तिथे एफएससीके नावालाच आहे, खरे काम एक्सएफएस_रिपेअरचे. लॉग, म्हणजे तिचे जर्नल, शिल्लक असला तर ते आधी विभाग माउंट करून तो पुरा करायला सांगते. माउंटच होत नसेल तरच '-एल' (कॅपिटल एल). त्याने लॉग पुसला जातो आणि शेवटचे बदल हातचे जातात.