उपसूर्य

सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाच्या कक्षेत सूर्याला सर्वांत जवळ असलेल्या बिंदूला उपसूर्य आणि सर्वांत दूर असलेल्या बिंदूला अपसूर्य म्हणतात. पृथ्वी उपसूर्यी येते ती दर वर्षी साधारणपणे २ ते ५ जानेवारीच्या दरम्यान, म्हणजे दिनदर्शिकेतील जुने वर्ष सरून नवे लागल्यावर लगेचच. वर्ष बदलतानाच्या या दिवसांना आकाशातील घडामोडींवरून नाव द्यायचे झाल्यास 'उपसूर्यकाळ' हेच नाव सर्वांत नेमके ठरेल.

उपसूर्य या अर्थाचा मूळ पाश्चात्त्य शब्द जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने घडवला. विश्व पृथ्वीकेंद्री मानले जात असताना पृथ्वीपासूनच्या जवळच्या व दूरच्या बिंदूंसाठी ग्रीक घडणीचे शब्द रूढ होते. त्यांतील पृथ्वीवाचक पदाच्या जागी केप्लरने सूर्यवाचक 'हेलिओस' बसवले, आणि त्यातून 'पेरिहेलियन' व 'अफेलियन' हे शब्द आले. मराठीत तेच काम 'उप' (जवळ) आणि 'अप' (दूर) हे उपसर्ग करतात. एका स्वराने अर्थ उलटत असल्यामुळे हे शब्द लिहिताना जपावे लागते.

उपसूर्यी पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर असते, तर जुलैच्या आरंभी अपसूर्यी सुमारे १५.२१ कोटी किलोमीटरवर. हा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण मोजता येतो. पत्र्याला पाडलेल्या बारीक भोकातून येणारे सूर्यबिंब १० मीटर दूरच्या पडद्यावर घेतले, तर जानेवारीत ते जुलैपेक्षा सुमारे ३ मिलिमीटर मोठे भरते. मोजताना सूर्याकडे थेट पाहू नये; पाहायचे ते पडद्याकडे.

जवळ येण्याने थंडी कमी व्हायला हवी, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ऋतू पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे होतात, आणि डिसेंबर-जानेवारीत उत्तर गोलार्ध सूर्यापासून दूर कललेला असतो. अंतरामुळे पृथ्वीला मिळणारे ऊन जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के अधिक असले, तरी कलाचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा असतो.

अंतराचा खरा ठसा उमटतो तो वेगावर. केप्लरने १६०९ मध्ये मांडलेल्या नियमानुसार ग्रह सूर्याजवळ असताना जलद आणि दूर असताना संथ फिरतो. पृथ्वीचा वेग जानेवारीत सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर, तर जुलैत सुमारे २९.३ किलोमीटर असतो. त्यामुळे डिसेंबरच्या अयनदिनापासून (उत्तर गोलार्धातील सर्वांत लहान दिवस) मार्चच्या संपातापर्यंतचा (दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे असण्याचा दिवस) ऋतू सुमारे ८९ दिवसांत आटोपतो, तर जूनच्या अयनदिनापासून (सर्वांत मोठा दिवस) सप्टेंबरच्या संपातापर्यंतच्या ऋतूला सुमारे ९३.६ दिवस लागतात. डिसेंबरअखेरीस एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा काळ २४ तासांहून सुमारे अर्धा मिनिट अधिक असतो, त्यामागेही आसाच्या कलाबरोबर हा वाढलेला वेग आहे.

उपसूर्याची तारीख एकच राहत नाही. चंद्राच्या ओढीमुळे ती दर वर्षी एक-दोन दिवस मागेपुढे होते. शिवाय एका उपसूर्यापासून पुढच्या उपसूर्यापर्यंतचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २५ मिनिटांनी मोठे असल्याने ती दर ५८ वर्षांनी सरासरी एक दिवस पुढे सरकते. इ. स. १२४६ च्या सुमारास उपसूर्य आणि डिसेंबरचा अयनदिन एकत्र आले होते. इ. स. ६४३० च्या सुमारास उपसूर्य मार्चच्या संपातावर पोहोचेल.