शिशातला बुडबुडा आणि २०० यार्डांवरचा नेम

मे १९०१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात सी. डब्ल्यू. रोलंड या नेमबाजाने २०० यार्डांवर, म्हणजे १८३ मीटरवर, रायफल टेकूवर ठेवून दहा गोळ्या झाडल्या. सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर भरलं ०.७२५ इंच. साडेअठरा मिलिमीटरसुद्धा नाही! गोळी तांब्याच्या आवरणाची नव्हती, साच्यात ओतलेल्या साध्या शिशाची होती. हा विक्रम पुढे कित्येक दशकं टिकला.

रोलंडच्या रायफलची नळी हॅरी पोप या कारागिराने बनवली होती. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मनांनी आपल्याबरोबर नेमबाजीच्या क्लबांची परंपरा आणली होती, आणि पोपच्या नळ्यांना तिथे फार मान होता. टार्गेटवर वर्तुळांत वर्तुळं असायची. सर्वांत आतल्या वर्तुळाला २५ गुण, आणि त्याचा व्यास फक्त दीड इंच. बॅलार्ड, स्टीव्हन्स, विंचेस्टर मॉडेल १८८५ अशा एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या रायफली या खेळात वापरल्या जात. पहिल्या महायुद्धात जर्मनविरोधी वातावरण तापलं आणि यातले बरेच क्लब बंद पडले. रायफली मात्र उरल्या. आज त्या बाळगणारे हौशी लोक त्यांच्यासाठी काडतुसं स्वतः भरतात, कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्रत्येक नळीची मापं वेगळी असतात आणि बाजारातलं तयार काडतूस त्यांतल्या बहुतेकींना नीट बसत नाही. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवायला शस्त्र अधिनियम, १९५९ ची बंदी आहे. अमेरिकेत ही कायदेशीर आणि जुनी हौस आहे.)

काडतूस भरायचं म्हटलं की बहुतेकांचं लक्ष आधी बंदुकीच्या दारूकडे जातं. कोणती दारू, किती वजनाची, याच्यावर रात्र रात्र चर्चा रंगतात. माझं मत वेगळं आहे. शिशाची गोळी झाडणाऱ्या जुन्या रायफलीत निम्म्याहून अधिक काम गोळी ओततानाच झालेलं असतं किंवा बिघडलेलं असतं. हे नुसतं म्हणून चालणार नाही, आकडे मांडून बघू.

त्या काळचं एक आवडतं काडतूस म्हणजे .३२-४०. त्याची गोळी १६५ ग्रेनची, म्हणजे १०.७ ग्रॅमची. नळीतल्या आट्यांचा, म्हणजे आत कोरलेल्या पिळदार खाचांचा, पीळ १६ इंचांत एक फेरा. गोळी सेकंदाला सुमारे ४२५ मीटर वेगाने बाहेर पडते असं धरलं, तर बाहेर पडताना ती स्वतःभोवती सेकंदाला हजाराहून जास्त, म्हणजे मिनिटाला साठ हजारांवर, फेरे घेत असते. हे फिरणंच तिला सरळ ठेवतं. पण ओतताना आत एका बाजूला मोहरीच्या दाण्याएवढा, दोन मिलिमीटरचा हवेचा बुडबुडा अडकला तर? तेवढं शिसं कमी झाल्यामुळे गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या मधल्या अक्षापासून मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाइतका सरकतो. डोळ्याला दिसणं तर सोडाच, हाताच्या मायक्रोमीटरलाही ते पकडणं अवघड.

नळीत असेपर्यंत गोळीला नळीच्या अक्षाभोवतीच फिरावं लागतं, म्हणजे तिचा गुरुत्वमध्य एका अगदी छोट्या वर्तुळावर गरगरत असतो. नळीच्या तोंडाशी ही सक्ती संपते. त्या क्षणी गुरुत्वमध्य ज्या दिशेला चाललेला असेल त्या दिशेला गोळी किंचित निसटते. मिलिमीटरचा शंभरावा भाग ही त्या वर्तुळाची त्रिज्या, तिच्यावरून निघणारा परीघ (२π पट) आणि सेकंदाला हजार फेरे यांचा गुणाकार केला की हा आडवा वेग सेकंदाला सुमारे साडेसहा सेंटीमीटर येतो. २०० यार्ड कापायला गोळीला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. म्हणजे टार्गेटवर ती सुमारे तीन सेंटीमीटर बाजूला लागते. २५ गुणांच्या वर्तुळाची त्रिज्या १.९ सेंटीमीटर आहे. एका बुडबुड्याने आतलं वर्तुळ हातचं गेलं.

हा बुडबुडा बाहेरून दिसत नाही, पण वजनात कळतो. तेवढ्या पोकळीमुळे गोळीचं वजन पाऊण ते एक ग्रेनने घटतं, आणि काडतूस भरणाऱ्यांच्या तराजूवर ग्रेनचा दहावा भागही दिसतो. म्हणूनच हे लोक ओतलेली प्रत्येक गोळी तोलतात आणि हलकी निघालेली परत कढईत टाकतात. कढईतल्या शिशात थोडं कथील घालतात, तेच कथील जे आपल्याकडे भांड्यांना कल्हई करताना लागतं. कथिलामुळे वितळलेल्या शिशाचा पृष्ठताण कमी होतो आणि रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट उतरतो. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला तर तिच्यावर धुरकट, खरखरीत साय धरते. एकसारख्या गोळ्या हव्या असतील तर ओतणाऱ्याच्या हाताची लयही एकसारखी लागते.

याच गणितातून एक सुंदर युक्ती निघते. साच्याचे दोन अर्धे भाग कधीच तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे त्या साच्यातली प्रत्येक गोळी थोडी एकांगी असतेच, पण सगळ्या एकाच बाजूला. मग साच्यातच एक बारीक खूण कोरून ठेवायची, म्हणजे ती प्रत्येक गोळीवर उमटते, आणि रायफलमध्ये गोळी बसवताना ती खूण दर वेळी वरच्याच बाजूला ठेवायची. आता प्रत्येक गोळी निसटेल, पण सगळ्या एकाच दिशेला निसटतील. दर्शिका, म्हणजे रायफलीवरचं नेम धरायचं साधन, थोडी फिरवली की काम झालं. दोष तसाच राहिला, त्याची दिशा तेवढी ठरली. अचूक नेमाला परिपूर्ण गोळी लागत नाही, एकसारखी गोळी लागते, हे याहून चांगलं दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही.

मॅसॅच्युसेट्समधले डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षं पिच्छा पुरवला आणि १९०९ मध्ये आपले निष्कर्ष छापले. माणसाच्या हाताचा दोष मधे येऊ नये म्हणून त्यांनी नळी जमिनीत रोवलेल्या भक्कम आधारावर ठेवली. गोळीच्या वाटेत कागदाचे पडदे लावून ती कुठे कशी डोलते ते पाहिलं. मग मुद्दाम खोड्या काढल्या: कधी नळीचं तोंड खराब करून पाहिलं, कधी गोळीचं बूड. तोंडाच्या जखमांनी वाटलं होतं तेवढं बिघडत नाही, पण गोळीच्या बुडाला एका बाजूने खरचटलं तरी नेम उधळतो, असं त्यांना आढळलं. कारण सरळ आहे. गोळी बाहेर पडते तेव्हा मागचा दाबाखालचा वायू तिच्या बुडाच्या कडेने सुटतो. बूड तिरकं असेल तर वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला धक्का देतो.

पोपची पद्धत इथे समजते. गोळी मागून, काडतुसाच्या बाजूने नळीत शिरते तेव्हा आट्यांच्या कडा शिसं मागे ढकलतात आणि बुडाशी बारीक कंगोरे उभे राहतात. एमआयटीत इंजिनिअरिंग शिकलेल्या पोपने यावर उपाय केला: गोळी नळीच्या तोंडातून आत घालून दांड्याने मागे सरकवायची, आणि मागून फक्त दारू भरलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, लावायची. असं केलं की कंगोरे गोळीच्या पुढच्या बाजूला येतात, बूड स्वच्छ राहतं. दांड्याने नळीचं खरं तोंड झिजू नये म्हणून त्याच नळीतून कापलेला एक खोटा तुकडा तोंडावर बसवत आणि झाडण्याआधी काढून घेत. या खेळातले लोक कित्येकदा एकच पुंगळी दिवसभर वापरत, झाडली की टोपी (दारू पेटवणारी ठिणगीची कॅप) बदलून पुन्हा भरत. पुंगळ्यापुंगळ्यांतला फरक असा मुळातच संपतो.

आता हाती आलेली जुनी रायफल. तिची मापं कागदावर काय लिहिली आहेत याला अर्थ नाही. नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकत पार करायचा आणि त्यावर उमटलेल्या आट्यांचं माप घ्यायचं. काडतूस बसतं त्या खोबणीचा साचा काढायला सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो. त्यात बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियम असतं आणि तो ७१ ते ८८ अंश सेल्सियसला, म्हणजे उकळत्या पाण्याच्याही खाली, वितळतो. गंमत बिस्मथची आहे. गोठताना प्रसरण पावणाऱ्या मोजक्या पदार्थांपैकी तो एक, पाण्यासारखाच. सेरोसेफ ओतल्यावर आधी किंचित आकसतो, त्यामुळे अलगद निघून येतो, आणि मग हळूहळू फुगत साधारण तासाभराने खोबणीच्या मूळ मापाला येतो. तेव्हा मोजायचं.

माप कळलं की शिशाची कठिणता ठरवता येते. ब्रिनेल या कठिणता मोजायच्या मापावर शुद्ध शिसं ५ च्या आसपास, २५ भाग शिशात एक भाग कथील घातलं तर ९ च्या आसपास. दारू पेटली की दाबाने गोळीचं बूड फुगून आट्यांत भरलं पाहिजे. गोळी फार कठीण असेल तर ती फुगत नाही, गरम वायू कडेने पुढे घुसतो आणि शिसं नळीला चिकटत जातं. फार मऊ असेल तर गोळीचं नाकच एका बाजूला दबतं, आणि पुन्हा तोच एकांगीपणाचा प्रश्न. कमी दाबाच्या जुन्या रायफलीला मऊ शिसं का मानवतं ते यावरून लक्षात येईल.

दारूबद्दल थोडक्यात. वेगात एक टक्का फरक पडला तर २०० यार्डांवर गोळी सुमारे दोन सेंटीमीटर वर-खाली लागते, म्हणून वेग एकसारखा हवाच. पण वेग जास्त असण्यात इथे काही मिळत नाही. आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी: काळ्या दारूच्या जमान्यातल्या पोलादात धूरविरहित दारू अंदाजाने भरणं म्हणजे जिवाशी खेळ. बंदिस्त जागेत दाब वाढला की दारू आणखी वेगाने जळते, त्यामुळे थोडी जादा दारू दाब थोडाच वाढवेल असं नसतं. छापील आणि तपासलेल्या मापांच्या पलीकडे शहाणा माणूस जात नाही.

पुंगळीची कथा तर थेट आपल्या पावसाळ्याशी जोडलेली आहे. पुंगळी ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताच्या पितळेची. हे पितळ ओढून लांबवलं की कठीण होतं आणि त्यात ताण साठून राहतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजा हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवत. पाऊस संपल्यावर बाहेर काढली की पुंगळ्या उभ्या चिरलेल्या! कोडं पूर्ण सुटायला १९२१ उजाडलं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतला ओलावा आणि पितळात साठलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की धातूच्या कणांच्या सीमांवरून तडा धावतो. उपाय म्हणजे पितळ ठरावीक तापमानाला तापवून ताण मोकळा करणं. १८६९ पासून पुण्याजवळच्या खडकीत दारूगोळ्याचा कारखाना आहे. तिथे काय किंवा जगात कुठेही काय, पितळेची पुंगळी घडवताना हे तापवणं चुकत नाही. घरी भरणारेही पुंगळीची मान अधूनमधून तापवून मऊ करतात, नाहीतर प्रत्येक पुंगळी गोळीला वेगवेगळ्या जोराने धरते आणि काही वेळा भरल्यावर मान तडकते. अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळ्या चमकवू नयेत, हेही यातूनच आलं.

एवढं सगळं करून मैदानावर गेल्यावर बहुतेक लोक फसतात ते आकडेशास्त्रात. पाच गोळ्यांचा एक ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा छिद्रांचा पुंजका, घेतला, लहान आला, भरणी चांगली ठरली! गणित काय सांगतं? गोळ्या सरासरी बिंदूभोवती नैसर्गिक विखुरल्या असतील तर एकाच भरणीच्या पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप घेतल्यावर, साधारण तीन-चार वेळांत एकदा, एक ग्रुप दुसऱ्याच्या दीडपट किंवा जास्त मोठा येतो. निव्वळ योगायोगाने. दहा वेगवेगळ्या भरण्या करून पाहिल्या आणि प्रत्यक्षात त्या सगळ्या अगदी सारख्या असल्या, तरी त्यांतला सर्वांत लहान ग्रुप सरासरीच्या सुमारे ६० टक्के दिसेल. माणूस त्या भरणीच्या प्रेमात पडतो आणि पुढच्या आठवड्यात ती ‘बिघडते’. सगळ्यांत लांबच्या दोन छिद्रांचं अंतर मोजताना बाकीची छिद्रं वाया जातात. त्यापेक्षा प्रत्येक छिद्राचं मध्यापासूनचं अंतर काढून सरासरी घ्यावी, आणि चार-पाच टार्गेटं एकावर एक ठेवून पंचवीस-तीस छिद्रं एकत्र पाहावीत. वाऱ्याचाही हिशेब ठेवावा: सेकंदाला तीन मीटरची आडवी झुळूक ही गोळी २०० यार्डांवर १५ ते १८ सेंटीमीटर ढकलते. म्हणून दोन भरण्यांची तुलना करताना एक गोळी हिची, एक तिची, अशी आलटून पालटून झाडावी, म्हणजे वारा दोघींच्या वाट्याला सारखाच येतो.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारात .२२ रिमफायर काडतूस चालतं. त्याची ठिणगीची दारू पुंगळीच्या काठात भरलेली असते आणि आघाताने तो काठच चेपतो, त्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही. गोळीत बुडबुडा आहे का, हे नेमबाजाला तिथे तपासता येत नाही. मग या पातळीवरचे नेमबाज उलटी वाट धरतात: रायफल शिकंज्यात घट्ट बसवायची, एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट ५० मीटरवर झाडून पाहायचे, प्रत्येक लॉटच्या बऱ्याच गोळ्या मोजायच्या आणि आपल्या नळीला मानवलेला लॉट संपायच्या आत पुरेसा घेऊन ठेवायचा.