जुन्या लष्करी रायफलीचे काडतूस बदलता येते का? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या .३१५ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यासाचे माप) रायफलींपैकी बऱ्याच रायफली वडिलांच्या किंवा आजोबांच्या परवान्यावरून वारसांकडे आलेल्या असतात आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्न हमखास येतो: नळी बदलून हिच्यात दुसरे काडतूस चालेल असे करून द्याल का? इतर देशांच्या सैन्यांनी जुन्या रायफलींत असे बदल केले, हे ग्राहकांनी वाचलेले असते आणि ते खरेही आहे. मात्र ते बदल कोणी, कोणत्या साधनांनी आणि कोणत्या तपासणीनंतर केले, हे सहसा सांगितले जात नाही.

नवे काडतूस स्वीकारले की सैन्याकडे जुन्या रायफलींचे ढीग उरतात आणि नव्या बनवण्यापेक्षा त्याच बदलणे स्वस्त पडते. ब्रिटिशांनी १८५३ च्या नमुन्याच्या, तोंडाकडून भरायच्या एनफील्ड रायफलींना मागून काडतूस भरण्याची सोय करून १८६६ पासून त्या स्नायडर म्हणून वापरात आणल्या. इस्रायलने आपल्या माउझर रायफली ७.९२ वरून ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसासाठी बदलल्या, तेव्हा दोन्ही काडतुसांची गफलत होऊ नये म्हणून दस्त्यावर ७.६२ हा आकडा ठळकपणे उमटवला. अमेरिकी नौदलाने गॅरंड रायफलींच्या चेंबरमध्ये (नळीतील काडतूस बसण्याच्या जागेत) छोटी नळकांडी बसवून तेच काडतूस चालवण्याचा प्रयत्न केला. त्यांतील काही नळकांडी गोळीबारात सैल झाली आणि पुढे नव्या नळ्या बसवाव्या लागल्या. सरकारी कारखान्यांची यंत्रसामग्री हाताशी असताना ही अडचण येते, तर लेथवर काम करणाऱ्या कारागिराला ती येणार नाही असे मानणे धाडसाचे होईल.

आपल्याकडचे ठळक उदाहरण पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्याचे आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर तेथे ७.६२ × ५१ काडतुसाची २ए आणि नंतर २ए१ ही रायफल तयार झाली. ती दिसायला थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ काडतुसाच्या ली-एनफील्ड रायफलीसारखीच असल्यामुळे जुनी रायफल फक्त नळी बदलून ७.६२ केली, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात या रायफली नव्याने आणि अधिक मजबूत पोलादाच्या बनवल्या होत्या. मॅगझिनही नवे, १२ काडतुसांचे होते. याचे कारण दाबात आहे. युरोपीय मानकानुसार .३०३ चा कमाल दाब ३,६५० बार, तर ७.६२ चे नागरी भावंड असलेल्या .३०८ विंचेस्टरचा ४,१५० बार आहे. त्यातच ली-एनफील्डच्या बोल्टला (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याला) धरून ठेवणारे लग, म्हणजे खाचेत अडकणारे उंचवटे, मागच्या टोकाला असतात, त्यामुळे धक्का बसताच बोल्ट आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो तो मुख्य सांगाडा) यांवर ताण येऊन ते किंचित लवतात. शिवाय .३०३ चे काडतूस बुडाच्या कडेवर टेकते, ७.६२ ला तशी बाहेर आलेली कडा नसल्यामुळे ते पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे ती अरुंद होते त्या उतारावर टेकते. म्हणजे चेंबर, बोल्टचे तोंड, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) आणि मॅगझिन या साऱ्यांचाच हिशेब बदलतो.

इशापूरनेच जुन्या .३०३ रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून पहारेकरी आणि पोलिसांसाठी एका वेळी एकच काडतूस भरायच्या .४१० मस्केट बनवल्या. त्यांचे काडतूस .३०३ च्या पुंगळीवर आधारलेले होते, त्यामुळे बाजारातले .४१० चे शॉटगन काडतूस मूळ चेंबरमध्ये बसत नाही. परदेशात विकल्या गेलेल्या अनेक मस्केटचे चेंबर पुढे कोणी ना कोणी मोठे केले, म्हणून बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन मस्केटचे चेंबर वेगवेगळे असू शकते.

.३१५ हाही असाच जुना किस्सा. लष्करी काडतूस नागरिकांच्या हाती पडू नये, हे ब्रिटिश सरकारचे धोरण होते आणि .३०३ आजही प्रतिबंधित बोअर आहे. ली-एनफील्डच्याच धर्तीवर बनलेल्या .३१५ रायफलीला ऑस्ट्रियाच्या ८ × ५० मानलिखर जातीचे काडतूस दिले गेले. तेव्हा केवळ आकडे जवळचे वाटतात म्हणून काडतूस निवडणे टाळावे.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राची निर्मिती, विक्री, दुरुस्ती यांबरोबर त्यात बदल करणे यालाही परवाना लागतो, आणि परवान्यावर नोंदलेले बोअर हे त्या शस्त्राच्या ओळखीचा भाग असते. म्हणून आम्ही कोणत्याही रायफलीचे बोअर किंवा चेंबर बदलून देत नाही, आणि कोणी बदललेली रायफल आणली तर तिच्यावर दुरुस्तीचे कामही घेत नाही. परदेशी व्हिडिओ दाखवून आग्रह करणाऱ्या ग्राहकांना हे आवडत नाही, याची आम्हांस कल्पना आहे.

आम्ही करतो ते काम म्हणजे नळीची स्वच्छता, स्प्रिंग आणि फायरिंग पिनची पाहणी, दस्त्याची दुरुस्ती आणि शस्त्रावरील क्रमांक व छापांची परवान्याशी पडताळणी. नळीत गंज किंवा फुगवटा दिसला तर रायफल चालवू नये, असे आम्ही लेखी कळवतो. रायफल आणताना ती रिकामी, बोल्ट बाहेर काढून, मूळ परवान्यासह आणावी. काडतुसे घरीच कुलपात ठेवावीत. वारसाहक्काचे प्रकरण प्रलंबित असेल, तर त्याबाबतच्या अर्जाची पोच सोबत असावी, अन्यथा आम्हांला शस्त्र हातात घेता येत नाही.