प्रेझेंटेशनची व्हिडिओ डीव्हीडी करून घेण्यापूर्वी

प्रेझेंटेशन दाखवताना लॅपटॉपपाशी माणूस असतो. समोरच्यांचे वाचून झाले की तो पुढची स्लाइड आणतो, शंका आली तर मागे जातो, अक्षर बारीक असेल तर वाचून दाखवतो. डिस्क प्लेअरमध्ये घातली की तो माणूस तिथे नसतो. म्हणून त्याची सगळी कामे आधीच फाइलमध्ये करून ठेवावी लागतात, आणि ती तुम्हीच उत्तम करू शकता. डिस्क बनवून देणाऱ्या आमच्याकडून हे पत्रक त्यासाठी आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. पॉवरपॉइंटमधून एमपी४ काढून ती डिस्कवर कॉपी केली, तर ती डेटा डिस्क होते. संगणक ती उघडतो, काही नवे प्लेअरही चालवतात, पण बरेचसे साधे डीव्हीडी प्लेअर ओळखत नाहीत. व्हिडिओ डीव्हीडीत चित्र एमपेग-२ प्रकारचे असते आणि ते ठरावीक नावांच्या व्हीओबी, आयएफओ व बीयूपी फाइल्समध्ये बसवावे लागते. हे रूपांतर आम्ही करतो. मात्र टीव्हीला यूएसबी असेल आणि तो एमपी४ चालवत असेल, तर पेनड्राइव्हवरची फुल एचडी फाइल डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसते. डिस्कचा आग्रह नसेल तर तीच घ्या.

अक्षर किती मोठे हवे

पाल, म्हणजे भारतात चालणाऱ्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीच्या डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असते. तुमची स्लाइड लॅपटॉपवर १०८० ओळींत दिसत असेल, तर इथे तिला जवळजवळ निम्म्या ओळी मिळतात. नेहमीची स्लाइड ७.५ इंच उंच, म्हणजे ५४० पॉइंट. त्यामुळे हिशोब सोपा आहे: जितक्या पॉइंटचा फॉन्ट, साधारण तितक्याच ओळींत ते अक्षर बसवायचे. १२ पॉइंटच्या देवनागरीला १२-१३ ओळी मिळतात आणि त्यातच वरचा रफार, अनुस्वार, शिरोरेषा आणि खालचा उकार मावायचा असतो. तो मावत नाही. अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, ‘कु’ आणि ‘कू’ सारखेच दिसतात. २४ पॉइंटच्या खाली जाऊ नका. २८ असेल तर उत्तम.

बारीक आडव्या रेषांचे दुखणे वेगळे आहे. डीव्हीडीचे चित्र सहसा आंतरगुंफित (इंटरलेस्ड) असते, म्हणजे एका वेळी एकाआड एक ओळी उमटतात. एकाच ओळीची जाडी असलेली रेघ त्यामुळे सेकंदाला २५ वेळाच उजळते आणि थरथरताना दिसते. तक्त्यांच्या चौकटी २ ते ३ पॉइंट जाड करा, आणि नाजूक शिरोरेषेच्या फॉन्टऐवजी ठळक फॉन्ट वापरा.

कडेला मजकूर ठेवू नका. अनेक टीव्ही चित्र थोडे फुगवून दाखवतात आणि कडा कापल्या जातात. चारही बाजूंनी १० टक्के जागा मोकळी ठेवा: १३.३३ बाय ७.५ इंचांच्या स्लाइडवर डावी-उजवीकडे सव्वा इंचाहून थोडे जास्त, वर-खाली पाऊण इंच. पान क्रमांक आणि लोगो हमखास इथेच अडकतात. निळ्यावर लाल अक्षरेही टाळा. डीव्हीडीत रंग उजेडाच्या एक चतुर्थांश बारकाईनेच साठवलेला असतो, म्हणून अशा अक्षरांच्या कडा ओघळल्यासारख्या दिसतात. गडद निळ्यावर किंचित पिवळसर पांढरे अक्षर छान उठते.

वेळ

वेळ ठरवली नसेल तर पॉवरपॉइंट प्रत्येक स्लाइडला ५ सेकंद देतो. शीर्षकाला ते पुरतात, सहा ओळींच्या स्लाइडला अजिबात नाही. स्लाइड मोठ्याने सावकाश दोनदा वाचा. लागलेला वेळ हीच तिची वेळ. ‘स्लाइड शो’मधल्या ‘रिहर्स टायमिंग्ज’ने ती फाइलमध्येच नोंदवता येते, नाहीतर कागदावर स्लाइड क्रमांक आणि सेकंद लिहून द्या.

क्लिकवर येणारे मुद्दे व्हिडिओत आपोआप एकामागून एक येतात. लिंक, बटणे आणि मॅक्रो मात्र चालत नाहीत. ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ असे वाक्य राहिले असेल तर काढून टाका.

वक्त्याला मधे थांबायचे असेल तर तेही जमते. प्रत्येक स्लाइडला आम्ही वेगळा चॅप्टर देतो, त्यामुळे रिमोटच्या ‘नेक्स्ट’ बटणाने पुढे जाता येते. हवे तिथे चित्र बटण दाबेपर्यंत थांबून राहील अशीही सोय होते. एका टायटलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या एका सलग व्हिडिओत, ९९ चॅप्टर बसतात. स्लाइड त्याहून जास्त असतील तर भाग पाडावे लागतात, ते कुठे पाडायचे ते सांगा.

फॉन्ट आणि आवाज

सर्वाधिक फाइल्स इथे अडतात. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मंगल, कोकिला, निर्मला यांसारख्या फॉन्टमध्ये असेल तर सहसा अडचण नाही. कृतिदेव किंवा श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल आणि तो फॉन्ट आमच्या यंत्रावर नसेल, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. सेव्ह करताना फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करा, म्हणजे आतच साठवा. काही फॉन्ट त्याला परवानगी देत नाहीत, तेव्हा फॉन्टची फाइल सोबत द्या. शिवाय त्याच प्रेझेंटेशनची पीडीएफ हवीच. जोडाक्षर तुटले की मूळ कसे होते ते तिच्यावरूनच कळते.

जुन्या पीपीटी फाइलमध्ये आवाजाच्या मोठ्या फाइल्स आत साठवलेल्या नसतात, फक्त त्यांचा पत्ता असतो. संगणक बदलला की आवाज गायब. सगळ्या ऑडिओ आणि व्हिडिओ फाइल्स एकाच फोल्डरमध्ये द्या. डीव्हीडीला ४८ किलोहर्ट्‌झचा आवाज लागतो, ते रूपांतर आमच्याकडे होते. निवेदन स्वतः रेकॉर्ड करत असाल तर स्लाइड बदलण्याचा परिणाम पूर्ण होईपर्यंत बोलू नका, त्या क्षणाचा आवाज नोंदला जात नाही आणि वाक्याचा पहिला शब्द खाल्ला जातो.

आकार, देश, क्षमता

स्लाइड ४:३ आहे की १६:९ ते पाहा. आकार बदलल्यावर चित्रे ताणली जातात. एखादे वर्तुळ लंबगोल झाले का, यावरून लगेच ओळखता येते. डिस्क अमेरिकेत किंवा जपानमध्ये लावायची असेल तर आधी सांगा, तिकडे पालऐवजी एनटीएससी ही पद्धत चालते (७२० बाय ४८०) आणि तिथले कित्येक प्लेअर पाल डिस्क घेत नाहीत.

४.७ जीबीच्या डिस्कवर सेकंदाला ८ मेगाबिट दराने सुमारे ७८ मिनिटे मावतात. दोन तास हवे असतील तर दर ५ च्या आसपास आणावा लागतो. स्थिर स्लाइडला तो चालतो, पण एक चित्र दुसऱ्यात विरघळताना चौकोन दिसू लागतात. असे परिणाम कमी वापरा.

आम्ही डीव्हीडी-आर वापरतो, कारण जुने प्लेअर ती सहसा घेतात. तिच्यावर कागदी स्टिकर लावू नका, तोल बिघडून चित्र अडखळते. पाण्याच्या शाईच्या पेनने वरच्या बाजूला लिहा आणि डिस्क उन्हापासून दूर, उभी ठेवा.

डिस्क लिहिण्याआधी नमुना फाइल दाखवली जाते. ती मोबाइलवर पाहून मंजूर करू नका, टीव्हीवर, नेहमीच्या अंतरावर बसून पाहा. फायनलाइझ झालेल्या, म्हणजे लिहून बंद केलेल्या डिस्कवर एक अनुस्वारही सुधारता येत नाही. नवी डिस्कच लिहावी लागते.