बार्बेक्यू घेताय? आधी झाकण बघा

थंडी पडली की पुण्यात हुरड्याच्या बेतांपाठोपाठ गच्चीवरच्या बार्बेक्यूचा विषय निघतो. दुकानात गेलं की विक्रेता जाळीची लांबी, चाकं, रंग, वर मोफत मिळणाऱ्या सळया असं सगळं दाखवतो. विचारायचं ते वेगळंच असतं: झाकण घट्ट बसतं का, आणि आत जाणारी हवा कमी-जास्त करता येते का? पुढे त्यावर काय शिजेल आणि काय नुसतंच करपेल, ते या दोन गोष्टींवर ठरतं.

उघड्या शेगडीवर कणीस भाजतं ते मुख्यतः निखाऱ्याच्या धगीने, म्हणजे त्यातून निघणाऱ्या अवरक्त किरणांनी. ही धग निखाऱ्याच्या निरपेक्ष तापमानाच्या (म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या तापमानाच्या) चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. ऐकायला रुक्ष वाटतं, पण ७०० अंश सेल्सिअसचा निखारा ५०० अंशांवर उतरला, की धग जेमतेम ४० टक्के उरते. सिंहगडाच्या वाटेवर कणसं भाजणाऱ्या मावशींच्या हातातला पुठ्ठा थांबत नाही, तो याचसाठी. प्रत्येक झटक्याला राख उडते, ताजा ऑक्सिजन मिळतो आणि काळपट लाल निखारा केशरी होतो.

धग कमी करायची म्हणून जाळी दोन बोटं वर उचलण्याचा मात्र फारसा उपयोग नाही. निखारे जाळीभर पसरलेले असतील, तर तेवढ्याशा अंतराने धगीत फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा सगळे निखारे एका अंगाला सारावेत आणि दुसरं अंग मोकळं ठेवावं, म्हणजे धग नको तेव्हा पदार्थ तिकडे सरकवता येतो. म्हणून खालीवर होणाऱ्या जाळीपेक्षा रुंद शेगडी कधीही बरी.

पनीर, चिकनचे तुकडे, सुरमई, भरताचं वांगं यांना एवढं पुरतं. भाजण्याचा खमंगपणा येतो तो अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातल्या मायार अभिक्रियेतून. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. साधारण १४० अंशांपुढे ती जोर धरते. पण तुकड्यावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान उकळबिंदूच्या वर जात नाही, आणि पुण्याच्या उंचीवर तो ९८ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा मसाल्यातलं पाणी आधी नीट निथळू द्यावं. माझं स्पष्ट मत विचाराल, तर आपल्याकडच्या बहुतेक घरांचा बेत इथेच संपतो. त्यांनी स्मोकरच्या, म्हणजे धुरात मंद आचेवर मांस शिजवणाऱ्या बंद भट्टीच्या, नादी लागू नये.

बोकडाची अख्खी मांडी करायची असेल, तर गोष्ट वेगळी. तिच्यातलं कोलॅजेन हे चिवट प्रथिन विरघळून मऊ जिलेटिन व्हायला मांस आतून ७० अंशांच्या वर बराच वेळ राहावं लागतं. उघड्या धगीवर तोवर बाहेरून कोळसा होईल. इथे झाकण कामाला येतं: आत १०५ ते १२० अंशांची हवा कोंडून ठेवायची आणि तासन् तास थांबायचं. खालची झडप म्हणजे गॅसचं बटणच. हवा कमी केली की आग मंदावते. झाकण सैल असेल, तर झडप बंद करूनही फटींतून हवा शिरते आणि सगळा ताबा सुटतो. मध्येच, मांस ६५–७० अंशांवर आलं की तापमान काही केल्या वर सरकत नाही. घाबरून कोळसा वाढवू नका. पृष्ठभागावरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जात असतं. मांस फॉइलमध्ये गुंडाळलं की गाडी पुन्हा चालू लागते.

झाकणाची गोल शेगडी शिकागोच्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये बनवली, तीही वेबर ब्रदर्सच्या कारखान्यात तयार होणारा पाण्यावरचा धातूचा बोया मधोमध कापून! झाकण काढलं की शेगडी, लावलं की भट्टी. एकच वस्तू घ्यायची, तर मी हीच घेईन. जाड सिरॅमिकच्या झाकणवाल्या शेगड्या उष्णता छान धरतात, पण किंमत आणि वजन दोन्ही जबर. पातळ पत्र्याचा स्मोकर डिसेंबरच्या रात्री, पारा १०–१२ अंशांवर आणि गच्चीवर वारा असताना, सारखा कोळसा मागत राहतो.

आता धूर. लाकडी कोळसा तयार होतानाच लाकडातले उडून जाणारे बहुतेक घटक निघून गेलेले असतात, त्यामुळे चांगल्या पेटलेल्या कोळशाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. वास येतो तो निखाऱ्यावर पडणाऱ्या चरबीचा, किंवा वर ठेवलेल्या आंब्याच्या लाकडाच्या ढलपीचा. लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन तापून फुटलं की ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही वासाची संयुगं तयार होतात, आणि धुराचा तो ओळखीचा स्वाद येतो. ढलप्या भिजत घालणं फुकट. पाणी आत फारसं मुरतच नाही. पांढऱ्या दाट धुराने पदार्थ कडू होतो, पातळ निळसर धूर हवा. प्लायवुड किंवा रंगवलेली फळी मुळीच नको. चरबी थेट निखाऱ्यावर पडून भडका उडाला, तर बेंझोपायरीनसारखी घातक संयुगंही तयार होतात. मांस मोकळ्या अंगाला ठेवून खाली ट्रे सरकवला की ती बरीच कमी होतात.

भोसरीकडच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ड्रमचा स्मोकर करून घेणार असाल, तर जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा टाळा. जस्त ४२० अंशांनाच वितळतं, आणि त्याची वाफ छातीत गेली तर थंडीताप भरतो. ड्रममध्ये आधी काय भरलेलं होतं, तेही विचारून घ्या.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत कोळसा पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि वरची ज्वाला विझली तरी राखेखालचे निखारे तो सोडतच राहतात. तिथे इलेक्ट्रिक ग्रिल घ्यावं, आणि उरलेल्या पैशांत सुईचा थर्मामीटर. झाकणावरची तबकडी फक्त वरच्या हवेचं तापमान दाखवते. चिकन झालं की नाही, ते त्याच्या सर्वांत जाड भागात सुई खुपसून ७४ अंश दिसले तरच कळतं.